हात सोडण्याचा प्रश्न

आमच्या शेजारच्या एका दहा वर्षांच्या मुलीस संध्याकाळीं व्यायामशाळेंत पोहोंचविण्याचें काम गेल्या हिंवाळ्यांत कांहीं आठवडे आमच्याकडे आलें होतें. मुलगी मल्लखांब शिकत होती. लिहिणाऱ्या माणसाला बांकावर बसून दुसऱ्याचे श्रम पाहण्यांत एक प्रकारचा आळशी आनंद होत असतो, व तो आम्हीं मनसोक्त घेतला. परंतु एके दिवशीं तेथें जें पाहिलें त्यानें मनांत एक प्रश्न उभा केला, आणि तो अद्याप शांत झालेला नाहीं. म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

त्या दिवशीं मुलीला अढी करावयाची होती. ज्यांनीं मल्लखांब दुरूनच पाहिला असेल त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, हा पुरलेला लांकडी खांब जमिनीपासून सुमारें ८.५ फूट उंच असतो, वर निमुळता होत जातो, आणि त्याला एरंडेल लावलेलें असतें. अढींत डोकें खालीं व पाय वर अशा स्थितींत मांड्यांच्या पकडीनें खांब आवळून हात मोकळे सोडावयाचे असतात. मुलीच्या मांड्यांत बळ होतें; चार दिवस ती हातांच्या आधारानें तसें करीतही होती. पण हात सोडण्याची वेळ आली कीं बोटें खांबाला चिकटून बसत. शिक्षकांनीं तिच्या पाठीखालीं आपला हात दिला.

"सर, सोडूं नका हं."

"नाहीं सोडत. मी धरलें आहे."

मुलीनें डोळे मिटले आणि हात सोडले. त्याच क्षणीं शिक्षकांनीं आपलाही हात काढून घेतला व दोन पावलें मागें सरकले. भोंवतालच्या मुलांनीं टाळ्या वाजविल्या. "बघ, मी केव्हांच सोडलें! तुझी तूंच आहेस!" असें ते मोठ्या कौतुकानें म्हणाले. मुलगी सुखरूप खालीं उतरली. मात्र ती हंसली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती खांबाजवळ गेली, शिक्षकांचा हात पाठीला लागतांच मान वळवून त्या हाताकडे पाहूं लागली, आणि कितीही सांगितलें तरी वर चढेना.

शिक्षक मनुष्य सज्जन होते, हें आधींच सांगून टाकतों. त्यांनीं जें केलें तें असंख्य बापांनीं सायकल शिकवितांना केलें आहे. आम्ही स्वतः सायकल शिकलों ती अशाच एका प्रेमळ खोटेपणाच्या जोरावर. मागें कोणी धरलें आहे या समजुतींत अर्धी गल्ली पार केली, आणि वळून पाहिलें तों मागें कोणी नाहीं. आम्हांस त्या वेळीं आनंदच झाला. मग या मुलीस कां होऊं नये? ती हळवी होती, एवढें म्हणून मोकळें होतां येईल. पण तसें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

भीति म्हणजे काय, येथूनच आरंभ केला पाहिजे. ती नुसती दुर्बलता आहे अशी समजूत आखाड्यांत फार रूढ आहे. मल्लखांबाला 'मल्ल' म्हणतात, परंतु हा मल्ल उलट डाव करीत नाहीं. तो जागचा हालत नाहीं. तेव्हां मुलगी भीत होती ती खांबाला नव्हे. देह उलटा झाला म्हणजे वर कोणतें व खालीं कोणतें ही जन्मभराची ओळख क्षणभर पुसली जाते, आणि आपण कोठें आहों हें ज्याला कळत नाहीं त्यानें हात सोडूं नये, असें देह सांगत असतो. हें सांगणें प्रत्येक वेळीं खरें नसतें. पण प्रत्येक वेळीं खोटेंही नसतें. २७ जुलै २०२१ रोजीं टोकियो येथील ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरींत सिमोन बाइल्स हिनें व्हॉल्टवरून झेंप घेतली. हवेंत अडीच गिरक्या घ्यावयाच्या होत्या, घेतल्या गेल्या दीडच, आणि आपण हवेंत कोठें आहों याचा तिला पत्ता राहिला नाहीं. ती स्पर्धेंतून बाजूला झाली. त्या कलेंत तिच्या तोडीची दुसरी नव्हती, तरी तिला भित्री म्हणणारे निघालेच. ३ ऑगस्टला तिनें बीमवर कांस्यपदक मिळविलें, तें उतरतांना गिरकी न घेतां.

ज्या मुलीचें देहाचें सांगणें कोणीं ऐकलें नाहीं, तिची कथा याहून कठोर आहे. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ मध्यें जगज्जेती झाली. पुढील वर्षीं तिचा पाय मोडला. तो नीट बळावण्यापूर्वींच सराव पुन्हां सुरू झाला. पुरुषांच्या कसरतींतून घेतलेली 'थॉमस साल्टो' नांवाची एक उडी तिला शिकविली जात होती. तींत गिरकी घेत डोक्यावरून उलटून गडगडत जमिनीवर यावयाचें असतें, व उंचीचा अंदाज थोडका चुकला तरी मान खालीं सांपडते. आपली मान मोडेल असें तिनें प्रशिक्षकास सांगितलें होतें, आणि तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात असें उत्तर तिला मिळालें, हें तिनेंच पुढें सांगितलें. जुलै १९८० मध्यें, मॉस्को ऑलिंपिकला अवघे कांहीं दिवस उरले असतां, मिन्स्क येथें सरावांत ती हनुवटीवर पडली. तेव्हां ती वीस वर्षांची होती. मानेखालचा देह निकामी होऊन ती २००६ पर्यंत, म्हणजे आणखी सव्वीस वर्षें, जगली.

ही कथा सांगून आम्ही सगळ्या भीतीची पूजा मांडीत आहों, असा कोणीं ग्रह करून घेऊं नये. तीन फुटांवरच्या गादीवर पडण्याची भीति आणि मुखिनाची भीति या एक नव्हेत. उलट, भीतीपुढें प्रत्येक वेळीं माघार घेऊं देणारा मायाळूपणा हाही मुलाचा घातच करितो. टाळलेली भीति दर टाळण्यागणिक वाढत जाते, आणि मूल आज खांब सोडतें, उद्यां पोहणें सोडतें. "नको तर राहूं दे, बाळ," असें म्हणणाऱ्या आया आम्हीं त्याच बांकावर पाहिल्या आहेत, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही एकदोनदां तसें म्हटलें आहे.

प्लेटोच्या 'लाकेस' नांवाच्या संवादाचा आरंभ अशाच एका आखाड्यांतल्या प्रश्नानें होतो. दोन बाप चिलखत घालून लढण्याची कसरत पाहून येतात, व ही विद्या आपल्या मुलांस शिकवावी कीं नाहीं असें दोन सेनापतींस विचारतात. आणि त्यांतून धैर्य म्हणजे काय हा वाद निघतो. त्यांतला निकियास म्हणतो कीं, कशाला भ्यावें व कशाला भिऊं नये याचें ज्ञान म्हणजे धैर्य. जें मूल अज्ञानामुळें भीत नाहीं त्याला शूर म्हणतां येणार नाहीं. संवादाच्या शेवटीं कोणतीच व्याख्या टिकत नाहीं, ही गोष्ट वेगळी. पण निकियासचें हें वचन आम्हांस आमच्या मुलीच्या बाबतींत फार उपयोगाचें वाटतें. त्या संध्याकाळीं तिनें हात सोडले ते पाठीखालीं हात आहे या समजुतीनें. म्हणजे टाळ्या ज्या धैर्यासाठीं वाजल्या तें तिनें केलेंच नव्हतें, आणि हें टाळ्या वाजविणाऱ्यांपेक्षां तिला अधिक कळत होतें. सायकलवर पडणारा पोर आपल्या पायांवर सांवरतो; डोकें खालीं असलेल्या मुलीला सांवरणारें त्या घटकेस एकच असतें, तें म्हणजे "मी धरलें आहे" हा शब्द. खांबाचें लांकूड जसें साधन, तसाच तो शब्दही साधन. लांकूड आंतून पोकळ निघालें तर त्या खांबावर मुलांस चढवूं नये हें कोणीही सांगेल.

येथें एक आक्षेप आहे व तो खोटा नाहीं. कांहीं मुलें आपण होऊन "सोडा" असें कधींच म्हणत नाहींत. त्यांच्यासाठीं वाट पाहत बसावें तर वर्ष निघून जातें. गीतेच्या सोळाव्या अध्यायांतील दैवी संपत्तींत अभय पहिलें सांगितलें आहे आणि सत्य त्यामागून येतें, तेव्हां अभयासाठीं थोडें असत्य चालेल, असेंही एखादा चतुर गृहस्थ म्हणेल. पण यादींतला क्रम म्हणजे सौदा नव्हे. वाट पाहणें आणि फसविणें यांच्यामध्यें पुष्कळ जागा असते, असें आम्हांस त्याच व्यायामशाळेंत दिसलें.

कारण तिसऱ्या दिवशीं शिक्षकांनीं मुलीपाशीं बसून, "परवां मी खोटें बोललों, पुन्हां बोलणार नाहीं," असें सर्वांदेखत सांगितलें. इतक्या मुलांदेखत असें बोलण्यास अढीहून अधिक बळ लागत असावें. मग गाद्यांची थप्पी इतकी उंच केली कीं डोकें तिच्यापासून वीतभरच वर राहावें. मांड्या सुटल्याच तर हात कोठें टेकावे, हनुवटी छातीशीं कशी घ्यावी, हें आधीं जमिनीवर शिकविलें. पडतां येऊं लागलें तशी भीति निम्मी झाली. पुढें पाठीखालीं पूर्ण तळवा, मग चार बोटें, मग एक. आणि दर वेळीं, "आतां चार आहेत," "आतां एक आहे," असें मोठ्यानें सांगणें. एक दिवस, "आतां लागलेला नाहीं, चार अंगुळें खालीं आहे," असें ते म्हणाले, तेव्हां मुलीनें पुन्हां खांब पकडला, आणि ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं एक बोट परत आलें. दरदिवशीं एक गादी काढीत. यांत तीन आठवडे गेले, आणि व्यायामशाळेच्या चिटणिसांनीं दोनदां घड्याळाकडे पाहिलें.

शेवटच्या गुरुवारीं मुलगी उलटी झाली, मांड्या आवळल्या, व डोळे उघडे ठेवून म्हणाली, "सर, आतां सोडा." शिक्षकांचा हात मात्र लगेच निघाला नाहीं. आम्ही बांकावरून पाहत होतों. तें बोट पाठीला लागून किंचित् कांपत होतें. "सर, सोडा ना," ती पुन्हां म्हणाली. तेव्हां त्यांनीं बोट काढलें, "सोडलें," असें म्हटलें, आणि हात तेथेंच, चार अंगुळें खालीं, तसाच धरून ठेवला.