रांग मोडायची तर रांग हवी

फेब्रुवारी २०२५ मध्ये हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. प्रवासभर त्यांच्या हातांत बेड्या होत्या. आपल्याकडे संताप झाला आणि लगोलग प्रश्नही आला: कायद्याने का गेले नाहीत? अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत हा प्रश्न अधिक कडवटपणे विचारला जातो आणि त्यामागचे दुःख खोटे नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेली जोडपी ग्रीन कार्डासाठी दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक वाट पाहतात. इतके सोसलेल्या माणसाला कुणी मधेच घुसले असे वाटले, तर राग येणारच.

पण रांग मोडायला आधी रांग असावी लागते. पदवी नाही, तिकडे जवळचे नातलग नाहीत, अशा मजुराला कायमचे राहण्यासाठी कायद्यात जी वाट आहे, तिच्यात साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार जागा आहेत. त्यांत बायकामुलेही मोजली जातात. शेतातल्या हंगामी कामाचा व्हिसा मिळतो, पण तो मालकाला बांधलेला. काम संपले की परत.

ही रांग का नाही, हे समजण्यासाठी मेक्सिकोच्या मजुरांची हकिगत नीट पाहावी. १९४२ मध्ये महायुद्धामुळे शेतात हात कमी पडले, तेव्हा अमेरिकेनेच त्यांना करार करून बोलावले. ही ब्रासेरो योजना १९६४ पर्यंत चालली. तिच्याखाली सुमारे ४६ लाख करार झाले. मग योजना बंद झाली आणि १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांच्या संख्येवर प्रथमच मर्यादा घातली. शेते तीच राहिली आणि तोडणीला त्याच गावांतले भाऊबंद येत राहिले. फक्त आता ते बेकायदा ठरले. त्यांच्या वागण्यात काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो कायदा.

१९९४ च्या १ जानेवारीला अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला. अनुदानावर पिकलेला अमेरिकी मका मेक्सिकोत येऊ लागला आणि पावसाच्या भरवशावर मका घेणारे छोटे शेतकरी भावात मार खाऊ लागले. आयात मालाने भाव पडले की शेतकऱ्याच्या घरात काय होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच वर्षी ‘ऑपरेशन गेटकीपर’खाली सान दिएगोजवळच्या सीमेवर पहारा कडक झाला. मालाला दार उघडले, माणसाला लावले. माणसे ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळली आणि तिथे उन्हातहानेने मरू लागली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी दाखवून दिलेला परिणाम तर हेतूच्या अगदी उलट होता. पूर्वी हंगाम संपला की बरेच गडी घरी जात. आता पुन्हा सीमा ओलांडणे महाग आणि जिवावरचे झाले, म्हणून ते तिकडेच राहिले. पुढे बायकामुलांनाही बोलावू लागले. कागदपत्रांविना राहणाऱ्यांचा अंदाज १९९० मध्ये ३५ लाख होता, तो २००७ मध्ये १ कोटी २२ लाखांवर गेला. पहारा हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण पहाऱ्याने संख्या घटते ही समजूत त्यातून टिकत नाही.

अमृतसरला उतरलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करायला हवे. जमीन विकून, कर्ज काढून एजंटाला लाखो रुपये मोजणारा माणूस गावातला सर्वांत गरीब नसतो. होंडुरासमध्ये टोळीच्या खंडणीपायी घर सोडणाऱ्याची निकड त्याला नसेल. पण लहान होत गेलेल्या जमिनीवर मुलाचे भवितव्य दिसत नाही, ही भीतीही खरी आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते अमेरिकेचे २०२० सालचे वर्तन. कोरोनात अमेरिकी सरकारने शेतमजुरांचे काम अत्यावश्यक ठरवले. टाळेबंदीत कुणी अडवले तर दाखवायला मालकांनी मजुरांना पत्रे दिली, आणि त्यांत कागदपत्रे नसलेलेही होते. त्याच वर्षी मार्चमध्ये नागरिकांना मदतीचे धनादेश देणारा कायदा झाला, त्यातून मात्र कागदपत्रे नसलेल्या मजुरांना वगळले. हद्दपारीपासूनही त्या पत्राने संरक्षण मिळत नव्हते. भाजी त्यांच्या हातची चालत होती, आणि ती खाणाऱ्यांतलेच अनेकजण त्यांना हाकला म्हणत होते.