अतिथीची पारख

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आणि त्यास अन्न देण्यापूर्वी कुलगोत्र विचारू नये, ही आपली जुनी मर्यादा. तथापि न विचारताही त्यास ओळखावेसे वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. ही ओळख न्यायाने कशी करून घ्यावी, हा प्रश्न आकाशाकडे पाहतानाही उभा राहतो.

परताऱ्यांच्या परिसरातून आलेला एक धूमकेतू गेन्नादी बोरिसॉव्ह या हौशी ज्योतिर्विदाने ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियातून, स्वतः घडविलेल्या दुर्बिणीने टिपला. दुसरा, ॲटलास, १ जुलै २०२५ रोजी चिलीमधील दुर्बिणीस दिसला. सूर्याचे आकर्षण बांधून ठेवू शकणार नाही असा त्यांचा वेग. तेवढ्यावरून ते परके ठरले. परंतु हा निर्णय त्यांच्या मार्गाविषयीचा झाला, स्वभावाविषयीचा नव्हे.

स्वभावासाठी शास्त्रज्ञ त्यांच्या धुळीकडे वळले. झरोक्यातील किरणात तरंगणाऱ्या कणास आपल्या पूर्वजांनी त्रसरेणू म्हटले. धूमकेतूभोवतीची धूळही तशीच सूर्यप्रकाशाने उजळते. सूर्यप्रकाशाची कंपने किरणाच्या आडव्या सर्व दिशांत सारखी असतात; धुळीवरून विखुरताना त्यांतील एका दिशेची कंपने प्रबळ होतात. हेच प्रकाशाचे ध्रुवीकरण. फ्रान्समधील आरागो यांनी १८१९ च्या धूमकेतूत ते पाहिले होते. त्याचे प्रमाण कणांच्या आकारावर व घडणीवर अवलंबून असते. तसेच सूर्य, धूमकेतू आणि पृथ्वी यांतील कोनावरही. लहान कोनात ते ऋण असते, मोठ्या कोनात धन होते.

बोरिसॉव्हच्या धुळीचे ध्रुवीकरण सामान्य धूमकेतूंहून अधिक भरले. ते हेल-बॉप या आपल्याच धूमकेतूशी जुळले. तो पूर्वी कोणत्याही ताऱ्याच्या फार निकट गेला नसावा, असा संशोधकांचा तर्क आहे. ॲटलासचे ध्रुवीकरण मात्र ७ अंशांच्या कोनात उणे २.७ टक्के आढळले; आपल्या धूमकेतूंत ते सहसा उणे दीड टक्क्याच्या आसपास थांबते.

म्हणजे दोघेही परके, पण एक आपल्या सोयऱ्यासारखा आणि दुसरा सर्वांहून निराळा. यावरून ‘परका’ ही काही जात नव्हे, हे उघड होते. परमुलखात पिढ्यानुपिढ्या नांदलेल्या आपल्या समाजांस हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. येथे कोन सांगितल्यावाचून आकड्यास अर्थ नाही. पाहणाऱ्याने आपण कोठून पाहतो हे आधी सांगावे लागते. शिवाय ज्या प्रकाशात आपण पाहुण्यास पारखतो, तो आपल्याच सूर्याचा असतो. मग सारे दृष्टिसापेक्षच, सत्य असे काही नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. कोन बदलला तरी धूळ तीच असते. अनेक कोनांतून धीराने मोजणाऱ्यास ती थोडीथोडी कळत जाते. मनुष्याविषयी मत बनविताना आपण किती कोनांतून पाहतो? बहुधा एकाच, आणि तो कोणता हेही सांगत नाही. अतिथी निघून गेल्यावरही आपले मत मात्र घरात राहते. म्हणून ते बनविताना तरी एवढी सचोटी पाळणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.