देणे आणि अनुदान

खराडीतील आमच्या इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीला बसणारा एक तरुण रखवालदार आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात त्याचे गाव. एका सायंकाळी मिस्साहून परतताना आम्ही त्याला फाटकाजवळच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसलेले पाहिले. वडील वारल्याचा निरोप त्याला नुकताच मिळाला होता. मृत्यू होऊन तीन दिवस लोटले होते, अंत्यविधीही उरकला होता. चुलतभाऊ धडगावच्या बाजाराला आला, तिथे त्याच्या फोनला रेंज मिळाली, तेव्हा कुठे ती वार्ता पुण्याला पोहोचली.

त्याच्या पाठीमागे ईऑन आयटी पार्कच्या काचा उजळलेल्या होत्या. त्या काचांआड बसलेली माणसे त्याच क्षणी सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकांशी बोलत असतील. तिकडचा शब्द इकडे निमिषात येतो आणि याच राज्यातील एका बापाच्या मृत्यूची वार्ता मुलापर्यंत यायला तीन दिवस घेते!

आम्ही न राहवून विचारले, "गावात टॉवर नाही का रे?"

"आहे ना, साहेब. गावात आहे. आमचा पाडा डोंगराच्या पलीकडं. यादीत गाव आलं, पाडा नाही आला."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. दुर्गम भागापर्यंत दूरध्वनी पोहोचवण्यासाठी सरकार पैसा खर्च करते, हे आपण सारे जाणतो. पण त्या खर्चाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? ते दान आहे की देणे? आणि नावाने खरोखर काही फरक पडतो काय? या प्रश्नाचा वाचकांसमवेत विचार करावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम थोडा इतिहास. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातील सर्व गावांत दूरध्वनी नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते साधले नाही. १९९९ च्या नव्या धोरणाने उरलेल्या सुमारे २ लाख ९० हजार गावांसाठी २००२ ची मुदत घातली. याच धोरणातून एक निधी जन्माला आला. १ एप्रिल २००२ पासून तो अस्तित्वात आला आणि २००३ मध्ये जुन्या तार कायद्यात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार देण्यात आला. त्याचे नाव होते 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी'. ग्रामीण आणि दुर्गम भागांतील लोकांना परवडेल अशा, वाजवी दरात दूरसंचार सेवा मिळवून देणे हे 'दायित्व' आहे, अशी त्याची व्याख्याच त्या कायद्यात होती. १८८५ च्या, इंग्रजी अमदानीतील कायद्यात या शब्दाने प्रवेश केला, ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे.

या निधीत पैसा येतो कोठून? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम आकाराच्या रूपाने त्यासाठी घेतली जाते. कंपन्यांचा महसूल म्हणजे तुम्ही-आम्ही भरलेली बिले. म्हणजे आयटी पार्कमधला अभियंता, त्याच्या घरी पोळ्या करणारी चंदननगरची बाई आणि फाटकावरचा तो रखवालदार, हे तिघेही आपापल्या रिचार्जमधून त्या डोंगरातल्या टॉवरसाठी काही पैसे देत आले आहेत. तरीही टॉवर उभा राहतो तेव्हा बातमीत शब्द येतात 'सरकारी अनुदान' आणि 'लाभार्थी गावे'.

हे शब्द जरा उलगडून पाहू. 'अनुदान' या शब्दाच्या पोटातच 'दान' आहे. 'लाभार्थी' म्हणजे लाभाची इच्छा धरून आलेला. 'विद्यार्थी' विद्या मागतो, तसा हा लाभ मागतो. ज्याच्या खिशातून त्या टॉवरचे पैसे गेले आहेत, त्यालाच आपण याचकाच्या रांगेत उभे करतो. याउलट आपल्या मराठीत 'देणे' हा एक विलक्षण शब्द आहे. देण्याची क्रिया म्हणजे देणे आणि फेडावयाचे राहिलेले ऋण म्हणजेही देणे. वाण्याचे देणे आपण देतो तेव्हा वाण्याला 'लाभार्थी' म्हणत नाही. तसे म्हटले तर तो हसेल.

यंत्रणेच्या इतर शब्दांतही हीच गंमत आहे. टॉवर चालवून कंपनीला जो तोटा होईल, तो भरून काढण्यासाठी दिलेल्या रकमेला 'व्हायेबिलिटी गॅप फंडिंग' म्हणतात. इथे 'गॅप' म्हणजे खळगा. पण तो कंपनीच्या वहीतला खळगा आहे. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये पडलेल्या तीन दिवसांच्या खळग्याला त्या वहीत रकाना नाही. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली; तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. तिच्या अहवालांत ग्रामपंचायती 'सर्व्हिस रेडी' झाल्याचे आकडे असतात. सेवेसाठी सज्ज असणे आणि सेवा मिळणे यांत किती अंतर आहे, हे बंद पेटीकडे पाहणाऱ्या ग्रामसेवकाला विचारावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ 'अनकव्हर्ड' गावांसाठी योजना मंजूर झाली. महाराष्ट्रातील आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारही आहे. योजना चांगलीच आहे. पण 'गाव' हा एकक जनगणनेचा. सातपुड्यातले गाव मात्र डोंगरधारांवर विखुरलेल्या पाड्यांचे असते. एका पाड्याला रेंज मिळाली की कागदावर सारे गाव उजळते.

'सार्वत्रिक सेवा' या शब्दाचा पूर्वेतिहासही बोधप्रद आहे. १९०७ साली अमेरिकेतील मोठ्या टेलिफोन कंपनीची सूत्रे थिओडोर वेल यांच्याकडे आली आणि त्यांनी ही घोषणा लोकप्रिय केली. त्या काळी एकाच शहरात दोन कंपन्यांचे दूरध्वनी असत आणि एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी बोलू शकत नसे. सर्वांनी एकाच जाळ्यात यावे, असा वेल यांचा आशय होता. आणि ते जाळे अर्थात त्यांच्या कंपनीचे! गरिबालाही परवडेल अशा दरात सेवा, हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. शब्द तोच, पण आधी त्यात जोडलेल्यांचा विचार होता, नंतर न जोडलेल्यांचा. आपल्याला हा फरक परका वाटू नये. दर रविवारी मिस्सात आपला विश्वास प्रकट करताना आपण ख्रिस्तसभेला 'कॅथोलिक' म्हणतो. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही सार्वत्रिक असाच आहे. मंदिरात बसलेल्यांपुरते सार्वत्रिक की बाहेर राहिलेल्यांसह सार्वत्रिक, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

'सबसिडी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, तो रोमन सैन्यातील राखीव तुकडीसाठी वापरत. पुढची फळी खचू लागली की ती मदतीला धावून जाई. ती आघाडीच्या शिपायांवर उपकार करत नसे. दोघे एकाच सैन्याचे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या 'क्वाद्रागेसिमो आन्नो' या परिपत्रकात मांडलेले पूरकतेचे तत्त्वही याच शब्दकुळातले. वरच्या संस्थेने खालच्या संस्थेला गिळू नये, तिला आधार द्यावा, असे ते सांगते. आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जे फर्मान काढले, त्यात याहून स्पष्ट बजावले आहे: न्यायाने जे दुसऱ्याला देणे लागतो, ते दयेची भेट म्हणून पुढे करू नये.

यावर कोणी म्हणेल, शब्दांनी टॉवर उभे राहत नाहीत. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. निविदा काढायची तर मोजता येईल असा एकक लागतो. 'गाव' मोजता येते, 'एकटेपणा' मोजता येत नाही. शिवाय 'दायित्व' हा शब्द कायद्यात असतानाच त्या निधीत जमा झालेल्या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चाविना राहिला, हेही सत्य आहे. चांगला शब्द कोरून ठेवल्याने ऋण फिटत नाही.

मग शब्दाचा उपयोग काय? आम्हांस वाटते, शब्द ऋण फेडत नाही, पण ऋण आहे याची आठवण ठेवतो. दान राहून गेले तर कोणी जाब विचारत नाही. देणे राहून गेले तर ज्याचे येणे आहे, तो दार ठोठावू शकतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ज्या विद्यार्थिनीने ते दार ठोठावले, ती वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध न्यायालयात गेली होती. लाभार्थी म्हणून गेली असती तर तिला अर्ज करावा लागला असता. हक्कदार म्हणून गेली, म्हणून तिला न्याय मागता आला.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव बदलले. आता तो 'डिजिटल भारत निधी' आहे. नाव सुटसुटीत आहे, पण त्यातून 'दायित्व' गेले. निधी म्हणजे ठेव. ठेवीला धनी असतो, देणेकरी नसतो. न्यायाने हेही सांगायला हवे की याच कायद्याने एक नवा शब्द आत घेतला. पूर्वीच्या व्याख्येत केवळ ग्रामीण आणि दुर्गम भाग होते. आता सेवेपासून वंचित राहिलेले शहरी भागही निधीच्या उद्दिष्टांत आले आहेत.

हा शब्द आपल्याला खराडीत परत आणतो. १९९७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत खराडी हेही मुळा-मुठेकाठचे एक गावच होते. आज टॉवरांच्या या दाटीत सेवेपासून वंचित कोण असणार, असे वाटेल. परंतु नव्या इमारतींच्या मागे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागल्या तेव्हा तिथली तीन भावंडे एकाच फोनवर, तेही बाप कामावरून आल्यानंतर, अभ्यास करताना आम्ही पाहिली. रेंज पूर्ण होती. यादीच्या दृष्टीने ती मुले 'कव्हर' झालेली होती.

शुभवर्तमानातील शास्त्र्याने प्रभू येशूला व्याख्याच विचारली होती: माझा शेजारी कोण? त्याला यादी हवी होती, म्हणजे यादीबाहेरच्यांची चिंता उरली नसती. प्रभूने व्याख्या दिली नाही. शोमरोन्याचा दाखला सांगून त्याने प्रश्नच फिरवला: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारपणाचे दायित्व वाटेवर पडलेल्याचे नव्हते. ते वाटेने जाणाऱ्याचे होते.

हे सारे सरकारला उद्देशून लिहिणे सोपे होते. पण लिहिता लिहिता आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या मदत समितीची वही काढून पाहिली. नाताळात शिधा आणि मुलांना वह्या दिल्या जातात, त्यांची यादी तिच्यात आहे. पानाच्या माथ्यावर 'लाभार्थी' असे ठळक लिहिले आहे आणि हस्ताक्षर आमचेच आहे. रखवालदाराचे नाव त्या यादीत नाही. तो कॅथोलिक नाही, म्हणून त्याला विचारण्याचेही आमच्या ध्यानात आले नव्हते.

येत्या रविवारच्या बैठकीत ते पान समितीपुढे ठेवावे, असे आम्ही ठरवले आहे. मथळा खोडून काय लिहावे, ते अजून सुचलेले नाही. 'आपले देणे' असे लिहिले, तर त्याखाली कोणाकोणाची नावे येतील, याचा विचार आधी करावा लागेल.