मोझेसआजींच्या चित्रांत दुःख का नाही?



मागे आपल्या ग्रुपवर एका ताईंनी अमेरिकेतल्या एका शेतकरी आजींची चित्रं टाकली होती. बर्फातून गाडी ओढणारे बैल, गायी, कोंबड्या, अंगणात वाळत घातलेले कपडे. सगळ्यांनी 'किती प्रसन्न' म्हणून हात जोडले. खाली एका भगिनीने विचारलं, "या बाईंची पाच बाळं गेली होती म्हणे. मग एकाही चित्रात दुःख कसं नाही? हा खोटेपणा नाही का?" त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. प्रश्न उत्तर देण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

आधी आजींविषयी थोडं, कारण फॉरवर्डमध्ये बरंच उलटसुलट येतं. त्यांचं नाव ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस, पण जग त्यांना 'ग्रँडमा मोझेस' म्हणूनच ओळखतं. जन्म १८६० चा, न्यूयॉर्क राज्यातला. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती आठवतात, पण त्यांचा भाग म्हणजे नुसती शेतं आणि टेकड्या. बाराव्या वर्षी त्या दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिल्या. १८८७ मध्ये लग्न झालं आणि व्हर्जिनियात शेनान्डोआच्या खोऱ्यात दोघांनी शेती केली. आजी लोणी काढून विकायच्या, पुढे बटाट्याचे वेफर्सही करून विकले. दहा बाळंतपणं झाली, त्यातली पाचच मुलं जगली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परत आलं, ईगल ब्रिज नावाच्या गावी.

चित्रं म्हणाल तर ती खरी सुरू झाली सत्तरी उलटल्यावर. त्याआधी लोकरीच्या धाग्याने कापडावर देखावे भरायच्या. संधिवाताने सुई धरवेना, म्हणून हातात ब्रश घेतला. गावाकडच्या जत्रेत त्यांनी चित्रं आणि मुरंबे दोन्ही मांडले, तर बक्षीस मुरंब्यांना मिळालं! (वाचून मला फार बरं वाटलं. का, ते आपल्या बायकांना सांगायला नको.) १९३८ साली हूसिक फॉल्स गावातल्या औषधाच्या दुकानात त्यांची चित्रं एका संग्राहकाच्या नजरेस पडली आणि त्याने ती विकत घेतली. १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या. त्यानंतर शहरातल्या एका मोठ्या दुकानात त्यांना बोलायला बोलावलं, तर तिथेही त्या मुरंब्यांविषयीच बोलल्या. चित्रं काढली नसती तर कोंबड्या पाळल्या असत्या, असंही त्या सांगत. १९६१ मध्ये १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, तोवर दीड हजाराच्या आसपास चित्रं झाली होती.

त्यांची पद्धत मला फार आवडते. वरून खाली यायचं. आधी आभाळ, मग डोंगर, टेकड्या, झाडं, मग घरं, नंतर गुरं आणि सगळ्यात शेवटी माणसं. म्हणजे गाय माणसाच्या आधी येते. आणि ती शोभेची गाय नसते. ज्या बाईने कित्येक वर्षं लोणी काढलं तिला गाय कशी उभी राहते हे वेगळं बघावं लागत नाही.

मेपलच्या साखरेची चित्रं त्यांनी पुष्कळदा काढली. थंडी सरत आली की तिकडे मेपलच्या झाडांना भोक पाडून रस बादल्यांत धरतात आणि मोठ्या कढईत आटवतात. साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक होतो. थोडा गरम पाक बर्फावर ओततात, तो चिवट होतो आणि मुलं तो खातात. आपल्यातल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या मंडळींना गुऱ्हाळच आठवेल, फक्त उसाऐवजी झाड आणि उन्हाऐवजी बर्फ. चित्रात कोणी बादल्या वाहतंय, कोणी जाळ सारतंय, बैल गाडी ओढताहेत, पोरं पाकाभोवती घुटमळताहेत. टर्की पकडण्याचं एक चित्र आहे, ते मात्र आपल्याकडे कोणाला रुचायचं नाही. त्या पक्ष्याचं पुढे काय होणार हे ठाऊक असतं, आणि मला ते चित्र फार वेळ बघवत नाही.

आता प्रश्नाकडे. एक गोष्ट मान्य करायला हवी की आजींनी निवड केली. त्या चित्रं काढत होत्या तेव्हा शेतांत ट्रॅक्टर आले होते, तारांचे खांब आले होते. ते त्यांनी काढले नाहीत. म्हणजे खिडकीतून दिसेल तसं त्या काढत नव्हत्या, आठवेल तसं काढत होत्या. आणि आठवणीत काय ठेवायचं हे माणूस थोडंफार स्वतः ठरवतो.

पण लपवलं का? नाही. १९५२ साली त्यांचं आत्मचरित्र आलं. शेनान्डोआच्या खोऱ्यात पाच छोट्या कबरी मागे ठेवून आल्याचं त्यात त्यांनी सरळ लिहिलंय, आणि तिथेच त्या खोऱ्याला सुंदरही म्हटलंय. मी त्या जागेवर बराच वेळ थांबले. जिथे बाळं पुरली त्या जागेला सुंदर म्हणायचं, याला विसरणं म्हणता येत नाही. दुःख सांगायचं तिथे सांगितलं आणि फळीवर रंगवायला दुसरं काही घेतलं.

त्याच १९५२ मध्ये आपल्या बहिणाबाईंच्या कवितांचं पुस्तक निघालं, त्या गेल्यानंतर. त्याही शेतात राबलेल्या. त्यांनी वैधव्यही गाण्यात आणलं आणि पेरणी, जातं, पाखरंही आणली. तेव्हा शेत रंगवायचं तर दुःख गाळायलाच हवं असं काही नाही. आजींनी गाळलं, बहिणाबाईंनी नाही गाळलं. दोघींपैकी एकीला खोटी ठरवायला माझं मन धजत नाही.

मला खोटी वाटते ती वेगळी आठवण. घराघरांत ऐकू येते. "आमच्या वेळी वीस माणसं एकत्र, काय आनंद होता!" आनंद असेलही. पण त्या वीस जणांच्या पोळ्या कोण लाटत होतं, ते त्या गोष्टीत येतच नाही. आणि ती गोष्ट बहुधा सुनेला ऐकवण्यासाठी असते. आजींच्या चित्रांत असं होत नाही. धुण्याच्या दिवसाच्या चित्रात धुणं असतं आणि ते धुणारी माणसंही असतात. बहुतेकांच्या हातांना काम आहे, बसून वाढून घेणारा क्वचितच सापडतो. दुःख गाळलं तरी कष्ट गाळले नाहीत, म्हणून मला ती चित्रं प्रामाणिक वाटतात.

आणखी एक बोलायला हवं, थोडं अवघड आहे. आजींना कोणी सांगितलं नव्हतं की आनंदाचंच काढा. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, तेही सत्तरी ओलांडल्यावर, मुलं गेल्याला कित्येक वर्षं होऊन गेल्यावर. आपल्यात मात्र कोणाकडे काही वाईट घडलं की महिन्याभरात सांगणारे निघतात, "आता रडू नका, गुरुकृपा आहे, प्रसन्न राहा." हेतू चांगला असतो, हे मला माहीत आहे. पण ज्या आईचं लेकरू नुकतं गेलं तिच्याकडून प्रसन्नता मागायची, हे मला क्रूर वाटतं. आजींनी स्वखुशीने जे दिलं ते आपण दुसऱ्याकडून वसूल करायला बघतो. मग अशा घरी ती हसरी चित्रं 'सुप्रभात' लिहून पाठवली जातात, आणि त्यात आजींचा काही दोष नसतो.

त्यांचं १९४८ चं वादळाचं एक चित्र आहे. काळं आभाळ खाली आलंय, घोडा बुजलाय, माणसं धावताहेत आणि भिजायच्या आत गवत कोठारात न्यायची घाई चाललीय. दुःखातल्या घरी काही पाठवायचंच झालं तर मी हे पाठवीन, आणि त्यावर काही लिहिणार नाही.