निषेध आणि निर्मिती : 'क्रिस्तपुराणा'च्या वाचनातील एक नैतिक प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची मराठीच्या विद्यार्थ्याला पहिली ओळख होते ती बहुधा त्यातील मराठी-स्तवनाच्या ओव्यांमधून. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून एवढ्याच वेचून काढायच्या, एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेचा गौरव केला म्हणून धन्यता मानायची आणि उर्वरित ग्रंथ 'धर्मप्रचारपर' म्हणून बाजूस ठेवायचा, अशी आपल्या वाङ्मयेतिहासाची रीत आहे. याच्या उलट भूमिकाही आढळते : ज्या सत्तेच्या छायेत हा ग्रंथ रचला गेला तिच्या अत्याचारांत तोही सहभागी आहे, सबब त्याच्या काव्यगुणांची चर्चाच अप्रस्तुत होय. भूमिका परस्परविरोधी खऱ्या. पण ग्रंथ वाचण्याचे कष्ट दोहोंनीही टाळलेले आहेत.

कारण हा प्रश्न खुद्द ग्रंथानेच नोंदविला आहे. आरंभी धर्मशिक्षणाच्या प्रसंगी एक जाणता नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी का करून देत नाही? या मागणीतून कथन सुरू होते. श्रोत्याच्या पृच्छेतून कथा उलगडणे हा पुराणांचा परिचित संकेत आहे. येथे मात्र तो केवळ संकेत राहत नाही. शौनकादी ऋषी सूताला प्रश्न करतात तेव्हा त्यांचे काही हिरावले गेलेले नसते.

साष्टीत हे हिरावणे शब्दशः घडले होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. स्टीफन्स आले १५७९ मध्ये. या घटनांचे ते कर्ते नव्हते, पण त्यांपासून दूरही नव्हते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा मृतदेह परत मिळविण्याचे काम त्यांच्याकडे आले. १६१६ मध्ये रायतूर येथे ग्रंथ छापला गेला तोही इन्क्विझिशनच्या अनुज्ञेने. १६०८ मध्ये त्यांनी देशी लिपीत मुद्रणाची सोय व्हावी म्हणून वरिष्ठांना विनंती केली होती. ती फळास न आल्याने ओव्या रोमन लिपीत उतरल्या. पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकात 'पुराण' हा शब्दही नाही.

तेव्हा कवीचे नैतिक उत्तरदायित्व कोठे शोधावे? माझ्या मते, तो निषेधाची नोंद करतो, त्यातून आलेली रिक्तताही मान्य करतो. परंतु निषेधाबद्दल खेद कोठेही व्यक्त करीत नाही. त्याच्या श्रद्धेच्या चौकटीत तो शक्यही नव्हता. तरीही ती मागणी न्याय्य मानणे हीच एक मोठी कबुली आहे : प्रश्नोत्तरांची धर्मपोथी पुरेशी नाही, माणसाला कथा लागते. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आला तो याच गरजेतून. आपले समीक्षक यास 'समन्वय' म्हणतात. हा शब्द मला खटकतो. समन्वयाला दोन पक्ष लागतात, आणि दोघांनाही नकाराची मोकळीक लागते. ज्याच्या वडिलांनी विष्णूचे देऊळ पडताना पाहिले, त्या श्रोत्याच्या कानी 'वैकुंठ' कसे पडले असेल? दिलासा म्हणून की व्रणावरचे बोट म्हणून? बहुधा दोन्ही, आणि ओवीचे परिचित वळण त्या दोहोंना एकत्र धरून ठेवते. देशीवादाच्या चर्चेत या द्विधेला फारशी जागा मिळाली नाही.

याच कारणास्तव 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या एकाच कप्प्यात स्टीफन्स आणि ना. वा. टिळक यांना शेजारी बसविणे दिशाभूल करणारे ठरते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वेच्छेने, बरेच काही गमावून. तुकारामाला सोडण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर कोणी केली नव्हती. साष्टीच्या श्रोत्यांना तसा पर्याय नव्हता.

पण त्या श्रोत्यांना केवळ बळी मानणेही अन्यायाचे होईल. हे पुराण त्यांनी आपले केले. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. एक पुराण गमावलेल्यांच्या वंशजांवर आता दुसरे जपण्याची पाळी आली. १९०७ मध्ये मंगळूरला जी आवृत्ती निघाली ती हस्तलिखितांच्या आधारे. गोव्याबाहेर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती पिढ्यान् पिढ्या नकलून ठेवली होती.