रोजनिशी आणि शहादत

'शहादत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साक्ष देणे हा एक आणि प्राण देणे हा दुसरा. शाहिद आणि शहीद हे एकाच धातूतले शब्द. पण आपल्या रोजच्या बोलण्यात दुसऱ्या अर्थाने पहिल्याला जवळजवळ गिळून टाकले आहे. मेलेल्याचा आपण गौरव करतो. जिवंत परतलेल्याने तिथे काय पाहिले, हे विचारायचे मात्र राहून जाते. युद्धावर गेलेल्या शिपायाची रोजनिशी वाचायला घेताना हा मागे पडलेला अर्थ आठवणे भाग पडते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. शिपायाचा पगार महिना 11 रुपये. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पत्र लिहायचे तर दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचे, आणि फ्रान्समधून निघालेली पत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जायची. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असायचे. साहजिकच रोजनिशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. ठाकूर अमरसिंह यांनी 1898 ते 1942 अशी रोजनिशी लिहिली. तिचे 89 खंड आहेत आणि फ्रान्स व मेसोपोटेमिया या दोन्ही आघाड्या तिच्यात येतात. पण ते राजपूत सरदार घराण्यातले, अधिकारी, आणि लिहिले इंग्रजीत. खालच्या पायरीवरून पाहणारा लेखक हवा असेल तर बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधल्या शिशिरप्रसाद सर्वाधिकारींकडे जावे लागते. त्यांचे 'अभी ले बगदाद' हे बंगाली पुस्तक युद्धानंतर चार दशकांनी निघाले. कूत पडले तेव्हा त्यांनी रोजनिशी फाडून तिचे तुकडे बुटात लपवले आणि कैदेत असताना त्यांवरून ती पुन्हा लिहून काढली. जीव वाचेल की नाही याची खात्री नसताना कागद वाचवणारा माणूस नुसता वेळ घालवण्यासाठी लिहीत नसणार, एवढे तरी आपण मानू शकतो.

अशा रोजनिशांत असते काय? जहाज लागले, उलट्या झाल्या, पाणी कमी मिळाले, पहारा दोन तास जास्त करावा लागला, डास, चिखल, शिळी रोटी, जखमींना गाडीत घातले. आजचा वाचक इथे अस्वस्थ होतो. त्याला मोठ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. मुसलमान शिपाई असेल तर तो विचारतो, तुर्कस्तानच्या खलिफाविरुद्ध बंदूक धरताना तुला काय वाटले? आणि शिपाई लिहून जातो की आज डाळ पातळ होती. म्हणजे त्याने साक्ष लपवली का? साक्ष दडवणाऱ्याचे मन गुन्हेगार असते, ही शिकवण आपल्याला लहानपणापासूनची आहे. म्हणून हा प्रश्न हलक्याने सोडून देता येत नाही.

माझ्या मते या मौनाचे तीन प्रकार करावे लागतील आणि त्यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. एक मौन भीतीचे. कागद दुसऱ्याच्या हाती पडणार आहे हे माहीत असलेला माणूस गप्प बसतो. दुसरे सवयीचे. रोज प्रेते पाहणाऱ्याला प्रेत ही नोंद करण्याजोगी गोष्ट वाटेनाशी होते. तिसरे लाजेचे. पहिल्यासाठी माफी आहे, तिसऱ्यात निदान जाणीव तरी आहे. भय वाटावे ते दुसऱ्याचे. आणि ते कसे येते, हे रोजनिशीच्या त्या कंटाळवाण्या पानांतच दिसते. म्हणून डाळ पातळ होती हे वाक्य मला निरर्थक वाटत नाही.

शिपाई युद्धात उतरतो तो वैर मनात धरून नव्हे. पुणे डिव्हिजनची 16वी ब्रिगेड ऑक्टोबर 1914च्या मध्यावर मुंबईहून जहाजात बसली. तिच्यात 117वी मराठा पलटण होती. कुठे जायचे ते मोहोरबंद हुकमात. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले ते 5 नोव्हेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी ही ब्रिगेड फावच्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे शपथ आधी घेतली, जहाज नंतर आले आणि शत्रू सर्वांत शेवटी ठरला. नमकहलाली हा आपल्याकडे मोठा गुण मानला गेला. पण ज्याचे मीठ खाल्ले त्याने उद्या कोणासमोर उभे करावे हे मीठ खाताना कळत नसेल, तर त्या शपथेत आपल्या ईमानाचा किती हिस्सा गहाण पडतो? निमूट चाललेल्या रोजच्या पहाऱ्यात या प्रश्नाला जागाच नसते. पहारा संपला की झोप येते.

प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही असे मात्र नाही. नोव्हेंबर 1915मध्ये लढाई झाली ती सलमान पाक इथे, हजरत सलमान फारसींच्या मजारीजवळ. काही मुसलमान शिपायांत त्यावरून कुजबुज सुरू झाली, तेव्हा वरिष्ठांनी त्या जागेला टेसिफॉन हे जुने नावच वापरायचे ठरवले. नाव बदलले की मजार दिसेनाशी होते, असा हिशेब. सिंगापूरला 15 फेब्रुवारी 1915 रोजी 5व्या लाइट इन्फन्ट्रीने बंड केले. 47 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांनी काय म्हटले ते आज वाचायचे तर चौकशी करणाऱ्यांच्या कागदांतून वाचावे लागते. ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांची रोजनिशी नाही. ज्यांनी 'हो' म्हटले त्यांच्यातही फार थोड्यांची आहे.

कूतचा वेढा डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस वाटायला सुरुवात झाली आणि हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसे मुसलमानांनीही, ते नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवण्यात आली, ती आलीही, तरी कित्येक आठवडे लोक उपाशी राहिले. आपल्या कोकणातल्या शाफई मंडळींना याचे जरा नवल वाटेल, कारण त्यांच्या मजहबात घोडा जायज आहे. हनफींत त्याविषयी मतभेद आहेत. पण मला इथे फिकहपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणावर गोळी झाडायची हे ज्याला विचारले गेले नव्हते, त्याच्या हाती काय खायचे एवढाच निर्णय उरला होता आणि तो त्याने सोडला नाही. बाहेरून हे हट्टाचे वाटते. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही तसेच वाटले. रोजनिशीत जेवणाचीच नोंद वारंवार का येते, याचे एक कारण मला इथे सापडते. माणूस आपली मालकी जिथे शिल्लक आहे तिथलेच लिहितो.

म्हणून या लेखकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोठी उत्तरे मागू नयेत, असे मला वाटते. त्याचबरोबर, त्यांनी सोसले म्हणून ते निर्दोष होते, असाही निकाल देऊ नये. सर्वाधिकारींचे काम जखमींना उचलण्याचे होते. पुढे कैदेत तुर्की इस्पितळात त्यांनी राबणूक केली आणि आर्मेनियन लोकांच्या छळाच्या खुणा पाहिल्या. ते सगळे त्यांनी लिहून ठेवले. शत्रूच्या घरातले दुःख आणि शत्रूने केलेला जुलूम, दोन्ही एकाच वहीत. शहादतीचा पहिला अर्थ यापेक्षा वेगळा काय असेल?

कूतमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 110मध्ये मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती केले जात. कूत पडल्यावर सुमारे 13 हजार माणसे कैद झाली आणि त्यांतली कित्येक वाटेतल्या वाळवंटातच संपली. या दख्खनी शिपायांपैकी कोणाचीही वही माझ्या पाहण्यात नाही. बसऱ्याच्या स्मारकावर त्या मोहिमेत मेलेल्या गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला गेला. असा भेद केला गेल्याची कबुली युद्धस्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने 2021मध्ये दिली.