शेवटच्या सामन्याचा न्याय

ज्याचा शेवट गोड तें सर्वच गोड, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. म्हणी बहुधा अनुभवाच्या पोटीं जन्मास येतात, आणि म्हणून त्यांस खोटें ठरविण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. परंतु या म्हणींतून जो उलट सिद्धांत निघतो, कीं ज्याचा शेवट कडू तें सर्वच कडू, तो मात्र तपासल्यावांचून पत्करण्यासारखा नाहीं. व्यवहारांत आपण तो पदोपदीं पत्करीत असतों. दुकान बुडालें कीं दुकानदाराची तीस वर्षांची सचोटी व्यर्थ गेली असें म्हणतों. मूल परीक्षेंत नापास झालें कीं त्याचें वर्ष फुकट गेलें असें म्हणतों, आणि त्या अपयशाला 'पानिपत' हें नांव देण्यासहि मागेंपुढें पाहत नाहीं. हा न्याय कितपत खरा, याचा विचार करण्यासाठीं आम्हीं मुद्दामच एक लहान उदाहरण निवडलें आहे: शाळकरी मुलांच्या एका हॉकी संघाचा निराशाजनक शेवट. मोठ्या उदाहरणांत राज्यें, धर्म आणि प्राण इतके गुंतलेले असतात कीं मूळ प्रश्न त्यांखालीं दडपून जातो. मुलांच्या खेळांत तो उघडा सांपडतो.

उदाहरण अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याचें आहे. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या या राज्यांत हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. तळीं गोठून जातात आणि त्यांवर लहान मुलें खेळूं लागतात. तेथील हॉकी म्हणजे आपली मैदानी हॉकी नव्हे. पायांत पातें बसविलेले बूट, चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती, आणि गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, असा तो बर्फावरील अतिवेगवान खेळ आहे. १९४५ सालीं तेथें माध्यमिक शाळांची राज्यस्पर्धा सुरू झाली, आणि एव्हलेथ या खाणकामगारांच्या गांवच्या शाळेनें ती पहिल्या वर्षीं जिंकली. पुढें या स्पर्धेस एखाद्या वार्षिक उत्सवाचें स्वरूप आलें. गांवेंच्या गांवें आपल्या मुलांच्या मागोमाग राजधानीकडे लोटूं लागलीं. शेवटच्या इयत्तेंतील बहुतेक मुलांच्या दृष्टीनें त्या हंगामाचा शेवटचा सामना हा संघाचा गणवेष घालून खेळलेला आयुष्यांतीलच शेवटचा सामना असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. त्यांच्या निराशेंत जो एक विशेष कडवटपणा असतो, त्याचें मूळ येथें आहे.

१९६९ सालीं या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत वॉरोड आणि इडायना या दोन शाळा समोरासमोर आल्या. वॉरोड हें सीमेजवळचें, दोन हजारांहूनहि कमी वस्तीचें गांव. इडायना हें मिनिआपोलिस शहराचें सधन उपनगर. त्या काळीं लहानमोठ्या सर्व शाळांस एकाच स्पर्धेंत उतरावें लागे. वॉरोडचा आधारस्तंभ हेन्री बूशे हा ओजिब्वे या आदिवासी जमातींतील मुलगा होता. सामन्याच्या मध्यासच त्याला कानापाशीं जबर इजा झाली आणि त्याची रवानगी रुग्णालयांत करावी लागली. एवढें झाल्यावर वॉरोडनें हातपाय गाळले असते तर त्यांत नवल नव्हतें. परंतु मागें पडलेल्या त्या मुलांनीं आपल्या नायकावांचून खेळून ४-४ अशी बरोबरी साधली. वाढीव वेळांत इडायनानें पांचवा गोल केला आणि सामना संपला. नोंदवहींत त्या वर्षाच्या विजेत्याच्या रकान्यांत इडायना हेंच नांव आहे आणि तें तेथें योग्यच आहे. प्रश्न एवढाच, कीं वॉरोडच्या त्या हंगामाबद्दल त्या नोंदवहीनें सर्व कांहीं सांगितलें काय?

येथें थोडें गणित उपयोगी पडेल. या स्पर्धेच्या राज्यपातळीवर आठ संघ असतात. विजेतेपदाच्या वाटेवर सात सामने होतात, आणि प्रत्येक सामना एका संघाची आशा संपवितो. म्हणजे सात संघांची आशा संपल्यावर आठवा विजयी ठरतो. आठांच्या जागीं चौसष्ट संघ धरले तरी नियम तोच: त्रेसष्टांस निराश केल्यावांचून एकाला करंडक देतां येत नाहीं. तेव्हां कडू शेवट हा अशा स्पर्धेंतील अपघात नसून तिच्या रचनेचाच भाग आहे. शेवटावरून सर्वाची किंमत ठरवावयाची असेल, तर राज्यांतील एक शाळा सोडून बाकी सर्व शाळांनीं तो सबंध हिवाळा वायां घालविला असें म्हणावें लागेल. आणि जो सिद्धांत मान्य केल्यानें असा हास्यास्पद निष्कर्ष पत्करावा लागतो, त्या सिद्धांतांतच कांहीं दोष असला पाहिजे हें उघड आहे.

हा दोष प्राचीनांच्या नजरेंतून सुटला नव्हता. क्रीसस राजानें आपलें वैभव दाखवून सर्वांत सुखी कोण असें विचारलें असतां, सोलोननें मनुष्याचा अंत पाहिल्याशिवाय त्याला सुखी म्हणतां येत नाहीं असें उत्तर दिलें, ही कथा हिरोडोटसनें सांगितली आहे. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत हाच प्रश्न पुन्हा हातीं घेतला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं दैवाच्या फेऱ्याबरोबर आपण आपलें मत फिरवीत बसलों तर एकाच माणसाला आज सुखी आणि उद्यां दुःखी म्हणत राहावें लागेल. जीवनाची खरी किंमत दैवावर नसून गुणयुक्त कृतींवर अवलंबून असते. मात्र तो येथेंच थांबत नाहीं, आणि यांतच त्याचें शहाणपण आहे. ट्रॉयच्या वृद्ध प्रायम राजावर कोसळलेलीं संकटें कांहींच नव्हेत असें तो म्हणत नाहीं. संकट हें संकटच. तें सुखावर घाला घालतें. पण मनुष्य तें ज्या रीतीनें सोसतो, त्या रीतींतून त्याचें सत्त्व प्रकट झाल्यावांचून राहत नाहीं. शेवटाला न्यायाधीश करूं नये, पण शेवट झालाच नाहीं असेंहि म्हणूं नये, हा मध्यम मार्ग आम्हांस ग्राह्य वाटतो.

तो आचरणांत आणणें मात्र कठीण. हरलेल्या मुलांपुढें आपण वडील मंडळी जेव्हां उभीं राहतों, तेव्हां आपल्याला दोन मोह पडतात. पहिला मोह स्वस्त सांत्वनाचा. 'हारजीत गौण आहे, खेळलांत हेंच पुष्कळ,' असें आपण म्हणतों आणि त्यास गीतेचा आधारहि जोडून देतों. हा गीतेवर अन्याय आहे. फलाची आसक्ति सोडणें म्हणजे फलाचा हेतूच सोडणें नव्हे, हें लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त स्पष्ट केलें आहे. आणि खेळाचें तर स्वरूपच असें आहे, कीं गोल करण्याची तीव्र इच्छा नसेल तर तो खेळच उरत नाहीं. ती नुसती धांवाधांव होते. पांच महिने पहाटेच्या काळोखांत उठून ज्यानें सराव केला, त्याला शेवटच्या दिवशीं 'जिंकण्याला महत्त्व नव्हतें' असें सांगणें म्हणजे त्याचे पांच महिने हा एक गैरसमज होता असें सांगणें होय. मुलाला हें कळतें. तो वरकरणीं मान डोलावतो आणि मनांत ठरवितो, कीं या वडिलांस आपलें दुःख समजलेलें नाहीं.

दुसरा मोह अधिक भयंकर, तो अपराधी शोधण्याचा. त्याचीं उदाहरणें पाहण्यास मिनेसोटापर्यंत जावें लागत नाहीं. आपल्या मैदानी हॉकीच्या इतिहासांत तीं आहेत. १ डिसेंबर १९८२ रोजीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेंतील अंतिम सामन्यांत पाकिस्ताननें भारताचा ७-१ असा पराभव केला. अकरा खेळाडूंच्या त्या पराभवाचें खापर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्यांत आलें, आणि त्यांच्यावर विश्वासघाताचा आरोप करण्यापर्यंत लोकांची मजल गेली. १९९८ सालीं बँकॉक येथें भारतानें आशियाई सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां संघाच्या गोलरक्षकांस शिकविण्याचें काम त्याच नेगींकडे होतें. परंतु मधलीं सोळा वर्षें त्यांना कोण परत देणार?

याहून लाजिरवाणी गोष्ट २०२१ सालीं घडली. टोकियो ऑलिंपिकमध्यें भारतीय महिला संघ ४ ऑगस्ट रोजीं उपांत्य सामन्यांत अर्जेंटिनाकडून २-१ असा हरला. त्यानंतर हरिद्वारजवळील रोशनाबाद गांवीं वंदना कटारिया या खेळाडूच्या घरासमोर फटाके उडवून कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ करण्यांत आल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. याच वंदनानें चार दिवसांपूर्वीं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल केले होते, आणि असा पराक्रम ऑलिंपिकमध्यें करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली होती. संघानें पुढें ६ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून ३-२ अशी आघाडीहि घेतली; परंतु शेवटीं ४-३ असा पराभव होऊन पदक हुकलें. पराभव माणसाला पिसाट करीत नाहीं. तो त्याच्या मनांत आधींच असलेला द्वेष बाहेर पडण्यास निमित्त मात्र होतो.

हे दोन्ही मोह वरवर पाहतां परस्परविरुद्ध दिसतात, कारण एक मायेचा आहे आणि दुसरा क्रोधाचा. परंतु त्यांचें मूळ एकच आहे, असें आम्हांस वाटतें. दोघांसहि पराभव सहन होत नाहीं. एक म्हणतो, पराभव झालाच नाहीं. दुसरा म्हणतो, झाला पण तो आमचा नव्हे, अमक्याचा. ज्यांचा तो खरोखर आहे त्या मुलांच्या हातांतून दोघेहि तो काढून घेतात. वस्तुतः पराभव ही त्यांची मिळकत आहे. ती त्यांनीं श्रमानें मिळविली आहे, कारण ज्यानें मनापासून कांहीं इच्छिलें नाहीं त्याला निराश होण्याचा अधिकारहि मिळत नाहीं. वॉरोडच्या मुलांचें त्या रात्रींचें दुःख हें त्यांच्या हंगामाच्या किंमतीविरुद्ध पुरावा नव्हतें. तो हंगाम किती मोलाचा होता याचीच ती साक्ष होती.

मग वडिलांनीं करावें तरी काय? मिनेसोटाच्या स्पर्धेंत एक प्रथा आहे, तिच्यांत याचें अर्धें उत्तर सांपडतें. पहिल्याच फेरींत हरलेल्या संघांची घरीं पाठवणी होत नाहीं. त्यांच्यासाठीं निराळे सामने ठेवलेले असतात आणि त्या सामन्यांस सांत्वनाचे सामने असेंच नांव आहे. हें सांत्वन शब्दांचें नव्हे, कामाचें आहे. काल हरलेल्या मुलाला आज पुन्हा बूट बांधून उभें राहावें लागतें. करंडक तर आतां मिळणार नसतो, तरी चकती तितक्याच जोरानें मारावी लागते. करंडकावांचूनहि हा खेळ खेळण्यासारखा आहे, हें कोणीं त्याला पढवीत नाहीं. तें त्याचे पायच त्याला सांगतात. उत्तराचा दुसरा अर्धा भाग याहून साधा आहे. वडिलांनीं जवळ राहावें, थोडें बोलावें, जें झालें तें झालें असें मान्य करावें, आणि कोणा एकाचें नांव निघूं लागल्यास तें तेथेंच थांबवावें.

पुढें त्या मुलांचें काय होतें तें त्यांचें त्यांनाच ठरवूं द्यावें. हेन्री बूशे १९७२ सालीं सप्पोरो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत होता आणि पुढें व्यावसायिक खेळाडूहि झाला. २०२३ सालीं तो वारला, तेव्हां त्या रौप्यपदकाबरोबरच १९६९ च्या हरलेल्या सामन्याचीहि आठवण निघाली. पण आम्ही यावर भर देऊं इच्छीत नाहीं. पराभवानंतर यश मिळालें म्हणून पराभव सार्थ झाला, असें म्हणणें म्हणजे पुन्हा शेवटालाच न्यायासनावर बसविणें होय. त्या संघांतील ज्या मुलांस पुढें कसलेंहि पदक मिळालें नाहीं, त्यांनीं बरोबरी साधतांना दाखविलेलें धैर्य तितकेंच खरें होतें.

आमची तीस वर्षें अध्यापनांत गेलीं, आणि बर्फावरील हॉकीची ही चर्चा आम्हीं निव्वळ कुतूहलानें केलेली नाहीं. आपल्याकडे दरसाल निकालांचे दिवस येतात. तेव्हां घरोघर तेच दोन मोह वावरत असतात. एक बाप मुलाला म्हणतो, परीक्षेंत काय आहे. दुसरा विचारतो, चूक कोणाची. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून कोवळ्या जिवांविषयींच्या ज्या वार्ता वाचाव्या लागतात, त्या येथें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. त्या वाचकांस ठाऊक आहेत. शेवटचा कागद म्हणजे सबंध आयुष्य, असें त्या मुलांस कोणी तोंडानें शिकविलेलें नसतें. आपल्या बोलण्यांतून, आपल्या म्हणींतून आणि निकाल ऐकतांच बदलणाऱ्या आपल्या चेहऱ्यांवरून तीं तें शिकलेलीं असतात. तें त्यांच्या मनांतून काढून टाकणें हें आपलें काम आहे. आणि तें निकालाच्या दिवशीं सुरू करून भागणार नाहीं, हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच केलें पाहिजे.